भडका उडायच्या आधीच पान गेलेलं असतं

किलवरची नव्वी निवडलेल्या माणसाला खेळ संपल्यावर विचारून बघा, ‘‘तुमचं पान नक्की गेलं कधी?’’ तो छातीठोकपणे सांगेल, ‘‘जाळ झाला ना, तेव्हा.’’ शेजारचे चार जण माना डोलावतील. प्रत्यक्षात जाळ व्हायच्या कितीतरी आधी ती नव्वी जादूगाराच्या कोटाच्या खिशात जाऊन बसलेली असते. पेटला तो नुसता कागद.

गणपतीत मंडळांचे सांस्कृतिक कार्यक्रम, सोसायटीची गच्ची, वाढदिवसाचा हॉल, कुठेही बघा. पत्त्यांच्या हातचलाखीला आगीची जोड मिळाली की टाळ्या हमखास. पुढे घरी जाताना प्रेक्षक दोनच प्रश्न विचारतात. पान गेलं कुठे आणि हात भाजला कसा नाही? पहिल्याचं उत्तर आपल्या डोळ्यांत आणि डोक्यात आहे, दुसऱ्याचं रसायनशास्त्रात. लोक या दोन्हींची सरमिसळ करतात आणि जादूगाराला तेच हवं असतं.

आधी पान कुठे जातं ते बघू. खेळाचा साचा साधारण असा: तुम्ही पान निवडता, त्यावर सही करता. जादूगार ते एका पातळ कागदात गुंडाळतो. मग म्हणतो, ‘‘थांबा हं, काडेपेटी कुठे ठेवली?’’ आणि हात खिशात घालतो. सगळी गोम या एका हालचालीत आहे. गुंडाळताना पान कागदाच्या उघड्या कडेतून निसटून तळहातात आलेलं असतं. तळहातात लपवलेलं पान फार वेळ बाळगता येत नाही, बोटं आखडतात आणि जाणकार माणसाला लगेच संशय येतो. ते कुठेतरी टाकायला निमित्त लागतं. काडेपेटी हे निमित्त इतकं बिनतोड आहे, की खिशात जाणाऱ्या हाताकडे कोणी बघतच नाही. हात पान घेऊन आत जातो आणि काडेपेटी घेऊन बाहेर येतो.

परळला राहणारे माझ्या ओळखीचे एक काका नोकरी सांभाळून जादूचे प्रयोग करायचे. ते म्हणायचे, ‘‘आग मला जाळायला लागत नाही रे, खिशात हात घालायला लागते.’’ आगीच्या खेळाची याहून नेमकी व्याख्या मी ऐकलेली नाही.

आग दुसरंही एक काम करते. घडी उलगडून दाखवा असं कोणी म्हटलं असतं, तर कागद रिकामा निघाला असता. आता कागदच राहिला नाही. पुरावा जादूगाराने नष्ट केला आणि तेही सगळ्यांच्या संमतीने, टाळ्या घेत.

तिसरं काम भडक्यानंतरच्या क्षणाचं. अचानक लख्ख उजेड झाला की पापण्या मिटतात, मान मागे जाते. हे आपण ठरवून करत नाही. पापणी मिटून उघडायला सेकंदाचा एक ते चार दशांश भाग पुरतो, त्यामुळे ‘तेवढ्यात त्याने पान लपवलं’ हा प्रेक्षकांचा लाडका तर्क फारसा खरा नाही. एवढ्याशा वेळात कोणी फार काही करू शकत नाही. खरी सवड मिळते ती पुढच्या दोन-तीन सेकंदांत. भडका विझलेला असतो, डोळ्यांपुढे हिरवट-जांभळा डाग तरंगत असतो, लोक दचकून हसतात, शेजाऱ्याकडे बघतात, कोणी ‘बापरे’ म्हणतं. खेळ संपला अशी सगळ्यांची समजूत असते. नेमकं तेव्हाच खिशातलं पान पाकिटात किंवा लिफाफ्यात सरकतं, म्हणजे पुढच्या मिनिटाला ते तिथून सहीसकट काढता येतं. थोडक्यात, चांगला जादूगार भडक्याच्या आधी एक काम करतो, भडक्यानंतर एक करतो आणि भडका चालू असताना काहीच करत नाही. तेव्हा सगळ्यांचं लक्ष त्याच्या हातांवर असतं आणि हात अगदी प्रामाणिक असतात.

आता हात का भाजत नाही, त्याकडे वळू.

तीन आगी

पत्त्यांच्या खेळात दिसणारी आग एकाच जातीची नसते. आगीला जळाऊ पदार्थ, उष्णता आणि ऑक्सिजन ही त्रयी लागते, हे शाळेत सगळेच शिकतात. यातला ऑक्सिजन कुठून येतो, एवढाच प्रश्न विचारला तरी तिन्ही आगी वेगळ्या ओळखता येतात.

पहिली आग खऱ्या पत्त्याची. चांगला पत्ता म्हणजे एकच जाड कागद नसतो. दोन कागद गडद रंगाच्या खळीने चिकटवलेले असतात, म्हणजे दिव्यासमोर धरला तरी पलीकडचं पान कळू नये. वरून गुळगुळीतपणासाठी लेप असतो. असा पत्ता पेटवला तर तो चटकन पेटत नाही. कोपरा आधी तपकिरी होतो, लेपाला फोड येतात, पान आतल्या बाजूला वळायला लागतं आणि मग पिवळी ज्योत कडेने सावकाश सरकते. धूर बराच, वासही बरा नाही. बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन जसजसा पोचेल तसतसं ते जळतं. त्यामुळे झाकण ठेवलं, पाण्यात बुडवलं की विझतं. जाळलेलं पान पुन्हा अखंड करून दाखवण्याच्या खेळांत ही आग वापरतात, कारण तिथे सावकाश जळणंच हवं असतं. प्रेक्षकाला आपलं पान जळताना डोळे भरून बघू द्यायचं असतं. प्लास्टिकचे पत्ते मात्र इथे कामाचे नाहीत. ते जळण्याऐवजी वितळतात आणि वितळलेला थेंब बोटाला चिकटला की झटकूनही निघत नाही.

दुसरी आग पाकिटाची. जादूगार पाकीट उघडतो, आतून वीतभर ज्वाळा येते, तो शांतपणे त्यात बोट घालून तुमचं पान काढतो आणि पाकीट मिटतो. आग गायब. पाकिटाच्या आत लायटरच्या इंधनाने ओलसर केलेली पट्टी असते आणि उघडताना ठिणगी पाडणारं चाक असतं. जळतं ते द्रव इंधन नव्हे, त्याची वाफ. ती वाफ आजूबाजूच्या हवेत मिसळते म्हणून ज्वाळा वर दिसते. पाकीट मिटलं की हवा तुटते आणि आग जागीच मरते. तंत्र साधं आहे, पण मुंबईच्या हवेत त्याची एक खोड कळते. ऑक्टोबरच्या उकाड्यात हे इंधन भराभर उडून जातं. प्रयोगाच्या तासभर आधी भरून ठेवलं तर ऐनवेळी पाकीट नुसतं खटखट करतं आणि मधल्या काळात सगळी वाफ कोटाच्या अस्तरात साठलेली असते. म्हणून जाणकार माणूस रंगमंचावर जायच्या अगदी आधी भरतो, तेही मोजून. ‘थोडं जास्त घातलं तर जाळ मोठा दिसेल’ असं वाटून ज्यांनी जास्त घातलं, त्यांच्या भुवया परत यायला वेळ लागला.

तिसरी आग सगळ्यात नाट्यमय आणि सगळ्यात गैरसमजाची: फ्लॅश पेपर. टिश्यूसारखा पातळ पांढरा कागद. काडी लागली की लखकन पिवळा भडका, डोळे मिटून उघडेपर्यंत काही उरत नाही. राख नाही, धूर जवळजवळ नाही.

हा दिसायला कागद असला तरी रसायन म्हणून वेगळा पदार्थ आहे. कागद आणि कापूस दोन्ही मुळात सेल्युलोज. त्यावर नायट्रिक आणि गंधकाम्लाची प्रक्रिया केली की सेल्युलोजच्या साखळीला जागोजागी नायट्रोजन-ऑक्सिजनचे गट चिकटतात आणि नायट्रोसेल्युलोज तयार होतं. साधा कागद जळताना हवेतल्या ऑक्सिजनवर अवलंबून असतो. हा मात्र घरून डबा घेऊन निघालेल्या चाकरमान्यासारखा आपला ऑक्सिजन बरोबर घेऊनच आलेला असतो. त्याला बाहेरच्या हवेसाठी थांबायचं कारण नाही, म्हणून तो इतक्या झपाट्याने जळतो. आणि सगळाच्या सगळा वायूंत बदलतो, मुख्यतः कार्बनचे वायू, पाण्याची वाफ आणि नायट्रोजन. म्हणून राख उरत नाही.

बाझल शहरातल्या ख्रिश्चन शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने १८४६ च्या सुमारास हा पदार्थ जगापुढे आणला. स्वयंपाकघरात सांडलेलं आम्ल त्यांनी बायकोच्या सुती अ‍ॅप्रनने पुसलं, अ‍ॅप्रन शेगडीजवळ वाळत घातला आणि तो भक्कन नाहीसा झाला, अशी गोष्ट सांगतात. खरी-खोटी देव जाणे, सांगायला छान आहे. पुढे याच पदार्थापासून बंदुकीच्या काडतुसातली बिनधुराची दारू झाली आणि कापूर मिसळून सेल्युलॉइड झालं. गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमागृहात १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा चित्रपट लागला, तेव्हाची सिनेमाची फिल्म नायट्रेटचीच असे. टेबल टेनिसचे चेंडू २०१४ पर्यंत सेल्युलॉइडचे होते आणि नेलपॉलिशमध्ये नायट्रोसेल्युलोज आजही असतं. म्हणजे जादूगाराच्या हातात जे भडकतं, त्याची भावंडं आपल्याला चांगली ओळखीची आहेत. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा ठेवा गेला. ही आग गुदमरवून विझत नाही. हवा तोडून उपयोग काय, ऑक्सिजन तर आतच आहे. फिल्मचं पेटलेलं रीळ पाण्याखालीही जळत राहतं.

मग हात का भाजत नाही? कारण तीन गोष्टी जमून येतात. कागद अगदी पातळ, त्यामुळे एकूण उष्णता थोडी. भडका क्षणात संपतो, कातडी तापायला वेळच मिळत नाही. आणि सराईत माणूस पेटता क्षणी कागद वर सोडतो, गरम वायू वरच जातात. यातली एक जरी गोष्ट बिघडली तरी हात भाजतो. कागद घट्ट चुरगळून गोळी केली तर ती थांबून-थांबून, तापून जळते आणि तळहातात पडते. मूठ बंद ठेवून किंवा डबी-बाटलीत पेटवला तर प्रकरण फारच वेगळं. वायूंना जायला वाट नसेल तर दाब वाढतो आणि भडक्याचा स्फोट होतो. काडतुसाचं तत्त्व हेच.

पावसाळा, इस्त्री आणि घरगुती शहाणपण

फ्लॅश पेपर पाण्याने ओला करून पाकिटात देतात, कारण ओला असताना तो सुरक्षित असतो. हवा तेवढाच काढायचा, उघड्यावर चिमट्याने टांगून वाळवायचा आणि बाकीचा ओलाच ठेवायचा. हे वाक्य लिहायला सोपं आहे. जुलैत मुंबईत राहून ते पाळून दाखवा! जिथे टॉवेल दोन दिवस आंबट वास सोडतो, तिथे कागद काय वाळणार? अर्धवट दमट कागद पेटतो, पण फरफरत, मधेच थांबत, तपकिरी चिंध्या मागे ठेवत. ‘राख उरत नाही’ हा सगळा डौल तिथेच संपतो.

आणि मग नवख्याच्या डोक्यात कल्पना येते, इस्त्री फिरवू या का? हा मोह जीवघेणा आहे. नायट्रोसेल्युलोज साधारण १७० अंश सेल्सिअसच्या आसपास आपसूक पेटतं. सुती कपड्यांसाठी लावलेली इस्त्री २०० अंशांच्या घरात असते. ओल असेपर्यंत काही होत नाही. शेवटचा थेंब उडाला की कागद इस्त्रीखाली भडकतो, आणि तोंड नेमकं त्याच्यावर वाकलेलं असतं. हेअर ड्रायर, गॅसची शेगडी, पिवळा बल्ब ही सगळी त्याच वाटेवरची माणसं. पावसाळ्यात पंख्याखाली वेळ देऊन वाळवावा, नाहीतर त्या दिवशी दुसरा खेळ करावा. काकांचा पावसाळी कार्यक्रम वेगळाच असायचा. त्यात दोऱ्या होत्या, नाणी होती, आग नव्हती.

जुना झालेला कागद पिवळा पडतो, त्याला नाकात झोंबणारा आंबट वास येतो. म्हणजे तो आतून विघटित व्हायला लागला. असा कागद कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. जाणकार माणूस उघड्या जागी, एका वेळी एक छोटा तुकडा असा तो संपवतो. आणि घरी आम्लं आणून फ्लॅश पेपर बनवायचे व्हिडिओ बघितले असतील तर तिथेच थांबा. एक तर ती आम्लं स्वतःच हात-डोळे घालवतात. दुसरं म्हणजे नीट न धुतलेल्या कागदात उरलेलं आम्ल त्याला हळूहळू तापवत राहतं, मग तो रात्री कपाटातसुद्धा पेटतो, कोणी काडी न लावता. शिवाय १८८४ च्या भारतीय स्फोटक कायद्यात स्फोटकांच्या व्याख्येत ‘गन-कॉटन’चं, म्हणजे याच नायट्रो-कापसाचं, नाव घेतलेलं आहे. हा छंदाचा प्रांत नाही.

प्रयोगाला जाताना विरार लोकल पकडणाऱ्यांसाठी आणखी एक. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ नुसार धोकादायक सामान घेऊन गाडीत चढल्यास तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. संध्याकाळी सहाच्या गर्दीत, माणसावर माणूस असताना, बॅगेत लायटरचं इंधन गळतंय हे चित्र डोळ्यांपुढे आणलं तरी कायद्याची गरज पटते.

कुठे करू नये

इथे माझं मत स्पष्ट आहे. मंडपात करू नये. कापडी छत, कागदी फुलं, थर्माकोल, वरून हॅलोजन. त्यात एक ठिणगी पुरते. गिरगाव चौपाटीवर १४ फेब्रुवारी २०१६ ला ‘मेक इन इंडिया’ सप्ताहातल्या महाराष्ट्र रजनीत व्यासपीठ पेटलं, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. अख्खा रंगमंच जायला फार वेळ लागला नाही. माणसं वाचली, हे नशीब आणि वेळेवर केलेली पळापळ. लोअर परळच्या कमला मिलमध्ये डिसेंबर २०१७ च्या आगीत १४ जण गेले. जादूच्या खेळाचा त्या दोन्हींशी काही संबंध नाही, पण बंद किंवा सजवलेल्या जागेत आग कशी पसरते, याचा हिशेब तोच राहतो.

ज्या हॉलमध्ये परवानगी आहे तिथेही आधी व्यवस्थापकाला सांगावं, धुराचा सेन्सर कुठे आहे ते विचारावं. जळत्या पत्त्याचा धूर त्याला जागा करू शकतो आणि मग जादूगाराचं नाव भलत्याच कारणाने सगळ्यांच्या लक्षात राहतं. पहिली रांग हातभर नव्हे, चांगली सहा-सात फूट लांब हवी. लहान मुलांना मदतीला बोलवायचं असेल तर आगीच्या खेळाला नाही. अंगावर पॉलिएस्टर किंवा नायलॉन नको, ते वितळून कातडीला चिकटतं. जाडसर सुती कपडे बरे. मोकळे केस नकोत, केसांवर स्प्रे तर अजिबात नको. आणि करोनानंतर लागलेली एक सवय इथे घातक आहे: सॅनिटायझर. त्यातल्या अल्कोहोलची ज्योत फिकट निळी असते, उजेडात दिसतही नाही. हात पेटलाय हे आधी कातडीला कळतं, डोळ्यांना नंतर. बाजूला ओला टॉवेल आणि पाण्याची बादली हवी, त्यांच्यापाशी उभा असलेला एक माणूसही हवा, नुसती बादली नव्हे.

भाजलंच तर नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटं धरावं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई तर नाहीच. अंगठी-घड्याळ सूज यायच्या आत काढावं. फोड मोठे असतील किंवा चेहरा-डोळे भाजले असतील तर थेट रुग्णालय गाठावं; भायखळ्याच्या मसीना रुग्णालयात आणि ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये भाजलेल्यांवर उपचारांची खास सोय आहे.

आता इतकं सगळं वाचून कोणाचा उत्साह मावळला असेल, तर आगीच्या पत्त्यांच्या खेळांतला माझा सगळ्यात आवडता प्रकार राहिलाच आहे, आणि त्याला भडका लागतच नाही. जादूगार तुम्ही निवडलेल्या पानाचं नाव एका चिठ्ठीवर लिहायला लावतो, ती बशीत जाळतो आणि राख चिमटीत घेऊन स्वतःच्या बाहीखालच्या हातावर चोळतो. कोपर ते मनगट काळपट होतं आणि त्या काळ्यातून अक्षरं उमटतात: बदाम सात. जुनी युक्ती आहे, पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या छापली गेली आहे, त्यामुळे फोडली म्हणून जादूगार मंडळी रागावणार नाहीत. प्रयोगाआधी हातावर ओल्या साबणाच्या कडेने किंवा लिप बामने अक्षरं लिहून ठेवायची. ती सुकली की दिसत नाहीत. राख चोळली की चिकट जागी राहते, बाकीची झटकली जाते. आणि पान बदाम सत्तीच निघेल याची व्यवस्था पत्ते पिसतानाच केलेली असते. तो हातचलाखीचा भाग, आगीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मुंबईच्या घामात याची फजिती होते. घामाने साबणाची अक्षरं पसरतात, सत्तीची नव्वी वाचली जाते. अशा वेळी लिप बाम बरा, अक्षरं ठळक आणि सुटी लिहावीत आणि हात पंख्याखाली कोरडा करून बाही खाली ओढावी. बरं, घरात पोरांसमोर चिठ्ठी जाळायचीही गरज नाही. देवघरातल्या उदबत्तीच्या घरातली थंड झालेली राख घ्या. ती पांढुरकी असते, सावळ्या हातावर काळ्या राखेपेक्षा जास्त उठून दिसते. फक्त चोळताना फुंकर मारू नका, उडून डोळ्यांत जाते.